उन्हामागे तिपाई

त्या गल्लीत घड्याळ नव्हतं असं नाही. न्हाव्याच्या दुकानात एक होतं, पण ते त्याच्या सासऱ्यांनी दिलेलं होतं आणि सासऱ्यांसारखंच मनाला येईल तेव्हा चालायचं. त्यामुळे लोक वेळ बघायचे ती रफूमावशीच्या तिपाईवरून. तिपाई पाववाल्याच्या पायरीशी असली की सकाळचे नऊ. नळाच्या कट्ट्याशी आली की जेवायची वेळ. आणि न्हाव्याच्या मागच्या भिंतीला टेकली की दुपार कलली. मावशी काही लोकांना वेळ सांगायला हिंडत नव्हती. ती उन्हामागे हिंडत होती.

रफूचं काम उजेडाचं. कोटाला भोक पडलं तर त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून धागे काढायचे आणि त्यांनी ते भोक पुन्हा विणायचं, एक धागा वरून, एक खालून, मूळच्या विणीत वीण मिसळेपर्यंत. सुई केसाएवढी, धागा त्याहून बारीक. मावशीची खोली गल्लीच्या पोटात, दोन भिंतींच्या मध्ये. तिला दार होतं, खिडकी नव्हती. खिडकीवाली खोली त्याच घरमालकाकडे होती, पण तिचं भाडं जवळजवळ दुप्पट. म्हणजे बघा, उजेड आभाळातून फुकट येतो आणि खाली पोचेपर्यंत कोणीतरी त्याचा मालक होऊन बसतो. याचा मला फार राग येतो. मावशीला येत नसे. ती तिपाई उचलायची आणि ऊन असेल तिथे जायची.

उन्हात बसली की तिला एक गुंगी यायची. झोप नव्हे, हात तर चालूच असायचे. पण नळाचं पाणी, पाववाल्याची भट्टी, पोरांचा कालवा, सगळं लांब जायचं आणि मांडीवरचं कापड तेवढं मोठं व्हायचं. इतकं मोठं की त्यात शिरता यावं. धाग्यांमधल्या वाटांनी ती चालत जायची आणि दर वेळी एकाच ठिकाणी पोचायची: एक मोठी खोली, एका भिंतीला उंच खिडकी, आणि खाली जमिनीवर उजेड पसरलेला. तो उजेड हलत नसे. जेवून आलेल्या पाहुण्यासारखा पाय पसरून निवांत बसलेला असे, उठायचं नावच नाही. मावशी त्या उजेडाच्या कडेला उभी राहून नुसती बघत राहायची. मग कोणीतरी "मावशी, ऊन सरकलं" म्हणायचं, आणि ती तिपाई उचलायची.

पुढे लाकडांच्या वखारीच्या जागेवर सहा मजली इमारत उभी राहू लागली. पहिल्या दोन मजल्यांचं कोणाला काही वाटलं नाही. तिसऱ्या मजल्याने पाववाल्याच्या पायरीवरचं ऊन नेलं. पाचव्याने नळाच्या कट्ट्यावरचं नेलं. उरलं ते न्हाव्याच्या मागच्या भिंतीवरचं, दुपारी जेमतेम सव्वा तास. कोणी दांडगाई केली नाही, कोणी मावशीला उठ म्हटलं नाही. पण दिवसाला जिथे सहा कपडे व्हायचे तिथे दोन होऊ लागले. उरलेलं काम ती खोलीत दिव्याखाली करू लागली आणि त्यात दोन वर्षांत डोळे गेले.

गेले म्हणजे अगदीच गेले नव्हते. उन्हात अजून दिसायचं. सावलीत मात्र सगळ्याला लव फुटायची. दिव्याभोवती लव, ताटाच्या कडेला लव, लेकीच्या चेहऱ्याभोवतीसुद्धा. खरं सांगायचं तर कधीकधी ते तिला बरंही वाटायचं, जग असं मऊ झालेलं. पण सुईच्या नेढ्याला लव फुटून कसं चालेल?

हे कोणाला ठाऊक नव्हतं. तिच्या नवऱ्याला तेवढं होतं.

नवरा पूर्वी मालधक्क्यावर हमाल होता. पोतं घेऊन फळीवरून घसरला, पाठ गेली, तेव्हापासून घरी बसून कागदी पिशव्या चिकटवायचा. सगळे त्याला दादा म्हणत. पाठ गेली तरी जीभ शाबूत होती. रोज सकाळी लेक उठायच्या आत, दाराच्या फटीपाशी बसून, दादा तीस सुया ओवून ठेवायचा. काळा धागा, करडा धागा, तपकिरी धागा, एकेक सुई उशीवर ओळीने टोचलेली. मोठमोठी पोती उचललेले ते हात, आणि ओठांत धागा धरून बसलेला तो आडदांड माणूस.

"हमालीत एवढी मान नव्हती वाकली कधी," तो पुटपुटायचा.

"मग उचला पोतं," मावशी म्हणायची.

"पोतं नको बाई. पोत्याला नेढं नसतं तेवढं एक बरं होतं."

आता गुपित कशासाठी, असं कोणी विचारील. तर गल्लीच्या तोंडाशी मोठ्या शिंपीमामांचं दुकान होतं. गिऱ्हाइकांचे फाटलेले कोट तेच मावशीकडे पाठवत. मावशीचे डोळे गेलेत हे मामांना कळलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून काम बंद. मामा वाईट नव्हते. पण दुसऱ्याचा भारी कोट न दिसणाऱ्या बाईच्या हातात कोण देईल? आणि काम बंद झालं म्हणजे सुई लेकीच्या हातात जाणार. लेक सोळा वर्षांची, शाळेचं शेवटचं वर्ष. रफू तिला येत होतं, आईइतकं नाही तरी येत होतं. मावशीने तिला खोलीतल्या दिव्याखाली सुई धरू द्यायची नाही असं ठरवलेलं. त्या खोलीने एक जोडी डोळे खाल्ले होते. दुसरी जोडी ती देणार नव्हती.

एक दिवस लेकीने वही उघडली आणि म्हणाली, "बाबा, निबंध लिहायचाय. गरिबीची कारणे, परिणाम आणि उपाय."

"किती मार्कांना?"

"दहा."

"मग लिही की. कारणं हवीत तर पाठ दाखवतो, परिणाम हवा तर पिशव्या दाखवतो. उपायाचं तेवढं मला विचारू नकोस, मला ठाऊक असता तर मी इथे खळ कालवत बसलो असतो का?"

लेक हसली आणि मग आईकडे वळली. "आई, आपण गरीब आहोत का गं?"

मावशीला तो प्रश्न फार लागला. "काहीतरी बोलू नकोस," ती म्हणाली. "आपल्या घरात एक तरी फाटकं कापड दाखव."

आणि ते खरं होतं. त्या घरात वापरातलं एकही कापड फाटकं नव्हतं. लेकीचा शाळेचा कोट आधी दुसऱ्या दोन मुलींनी वापरून टाकलेला, पण बघणाऱ्याला वाटावं कालच घेतलाय. चादरी, दाराचा पडदा, दादाचा सदरा, सगळ्यावर मावशीचा हात फिरलेला. आणि मावशीचं रफू असं, की सुलट बाजूने कळायचं नाही आणि उलट बाजूनेही नाही. धाग्यांची शेपटं मागे राहू द्यायची नाहीत, हा तिचा हट्ट. फाटकं अंगावर दिसलं की लोक आधी कापडाकडे बघतात आणि मग माणसाकडे, हे तिने लहानपणीच बघितलेलं. आणि रफूवालीच फाटकी दिसली तर तिला काम कोण देणार? काम मिळवायचं तर धड दिसायला हवं. ते ती दिसत होती.

निबंधाला दहापैकी सहा मिळाले. पण त्याच आठवड्यात लेक शाळेतून एक पत्रक घेऊन आली आणि तिने ते वाचून दाखवलं. नदीपलीकडच्या जुन्या गिरणीचा वरचा मजला एका संस्थेने दुरुस्त केला होता. तिथे बारा मोठ्या खिडक्या होत्या. एकेका खिडकीशी एकेका हातकाम करणाऱ्याला जागा मिळणार होती, पाच वर्षं बिनभाड्याची. अर्ज करायचा, मग पाहणीच्या बाई घरी येणार आणि गरजू कोण ते ठरवणार.

"खिडक्या कुठल्या बाजूला?" मावशीने विचारलं.

लेकीने पत्रक चाळलं. "उत्तरेला लिहिलंय."

उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही, नुसता उजेड येतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत सारखाच, न हलणारा. इतकी वर्षं धाग्यांच्या वाटांनी ती ज्या खोलीत जात होती ती अशी नदीपलीकडे होती तर. आणि तिला ते आज कळत होतं.

अर्ज लेकीने भरला. तारीख आली. ही बातमी गल्लीत फुटली, आणि प्रत्येक जण शहाणपण शिकवायला लागला. न्हावी म्हणाला, "मावशी, एक ऐका. तुमचं घर आहे चकाचक. त्या बाईंना दिसणार काय? निदान एक फाटकी चादर दोरीवर टाकून ठेवा."

मावशीला ते पटेना. पण दादानेही तेच म्हटलं, लेकीनेही म्हटलं. शेवटी तिने पेटीच्या तळाची घोंगडी काढली. ती खरंच फाटलेली होती, मधोमध वीतभर. ती एक तेवढी रफू करायची राहून गेलेली. आदल्या दिवशी दुपारी मावशी ती घेऊन न्हाव्याच्या भिंतीशी बसली, नुसती बघायला, की फाटलेलं किती दिसतं, बाईंच्या डोळ्यांत भरेल का. ऊन पाठीवर आलं. गल्ली लांब गेली. घोंगडी मोठी झाली, आणि त्यातली ती फट एखाद्या पडक्या पुलासारखी दिसू लागली, अलीकडचे धागे पलीकडच्या धाग्यांची वाट बघत थांबलेले. मावशीला त्यांची दया आली.

"मावशी, ऊन गेलं," न्हावी म्हणाला. मग त्याने घोंगडीकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

घोंगडी अखंड होती.

"अहो, हे काय केलंत तुम्ही?"

"काय केलं मी?" म्हणत मावशीने घोंगडीवरून हात फिरवला, तर फट कुठेच लागेना. दादा त्या दिवशी हसावं की रडावं अशा चेहऱ्याने पिशव्या चिकटवत बसला. "सवय आहे," तो लेकीला म्हणाला. "मीसुद्धा अजून पोतं दिसलं की वाकतो."

पाहणीच्या बाई दुसऱ्या दिवशी दुपारी आल्या. चष्मा, खांद्याला पिशवी, हातात छापील तक्ता. दमलेल्या दिसत होत्या, सकाळपासून सात घरं करून आलेल्या. स्वभावाने बऱ्या होत्या. पाणी प्यायल्या, दादाला "उठू नका, बसा" म्हणाल्या. आणि त्याच वेळी, नशीब बघा, शिंपीमामा एक करडा कोट हातावर टाकून दारात येऊन उभे राहिले. त्यांना काम द्यायचं होतंच, पण मुख्य म्हणजे काय चाललंय ते बघायचं होतं.

बाई एकेक रकाना भरू लागल्या. घरात माणसं किती. छप्पर गळतं का. नाही, दादाने बुजवलेलं. अंथरूण-पांघरूण किती. फाटकं किती. बाईंनी दोरीवरच्या चादरी हाताने चाळल्या, घोंगडी उलटीपालटी करून पाहिली. फाटकं काही नाही. मुलीचा कोट पाहिला. "छान आहे गं," असं त्या मनापासून म्हणाल्या.

"तब्येतीचं काही? अर्जात डोळ्यांचं लिहिलं आहे थोडं. दिसायला त्रास होतो का?"

लेकीने अर्जात "थोडा त्रास" असं लिहिलेलं. तिला वाटत होतं खरंच थोडा आहे. मावशीला दारात शिंपीमामांचा आकार दिसत होता, उजेडात उभा असलेला एक काळा, लव फुटलेला आकार, हातावर कोट.

"डोळे ठणठणीत आहेत," ती म्हणाली.

बाईंनी तसं लिहिलं. मग तक्त्याची घडी घातली आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे बघा, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही घर फार नीट ठेवलंय. पण बारा खिडक्या आहेत आणि सत्त्याऐंशी अर्ज. आज सकाळी मी अशी घरं बघून आले की..."

मावशीने मान डोलावली. तिला बाईंचं म्हणणं पटत होतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट. इतकी वर्षं तिने भोकं झाकली होती आणि आता ती इतकी झाकली गेली होती की खुद्द तिलाच घरात काही कमी आहे असं सांगता येत नव्हतं. मदत मिळवायची तर फाटकं दिसायला हवं होतं. कामाचा आणि मदतीचा, दोन्ही कोट एका अंगावर कसे चढणार?

बाई उठल्या. आणि लेक दारात आडवी झाली.

"थांबा ना. हे सगळं रफू आहे. हा कोट, चादरी, सगळं. आईने केलंय. तुम्हाला दिसत नाही म्हणून."

"कुठे रफू आहे?" बाईंनी चष्मा सावरून घोंगडी पुन्हा हातात घेतली. दिव्याखाली धरली. "मला तर कुठेच दिसत नाहीये, बाळ."

"इथे वीतभर फाटली होती. आई, दाखव ना. एक धागा ओढून दाखव."

मावशीने घोंगडी मांडीवर घेतली. उशीवरची एक सुई काढली आणि तिच्या टोकाने रफू शोधायला लागली. कालच केलेलं. मधोमध होतं. ती बोटं फिरवत राहिली. इथे नाही. थोडं वर. इथेही नाही. बोटांना सगळं सारखंच लागत होतं, कारण तिने ते तसंच केलं होतं, हाताला लागू नये म्हणून. आणि डोळ्यांपुढे नुसती तपकिरी लव. सुईचं टोक एकदा तिच्याच अंगठ्यात गेलं. तिने अंगठा पुसला आणि पुन्हा शोधू लागली.

दिवा हलकासा गुणगुणत होता. खोलीला एक जडपणा आला, पाण्याखाली असल्यासारखा, आणि त्यात मावशीचा हात एकटाच घोंगडीवरून इकडून तिकडे जात होता.

लेक आधी वाट बघत होती. मग तिचा चेहरा बदलला. "आई," ती अगदी हळू म्हणाली, "तुला दिसत नाहीये?"

मावशीचा हात थांबला. तिला रडू आलं नाही, लाज वाटली. भर रस्त्यात पदराला भोक असल्याचं कोणी सांगावं तशी लाज.

तेव्हा दादा बोलला. पिशव्यांच्या ढिगाआडून, नेहमीची थट्टा न करता. "बाई, सुया मी ओवतो. दीड वर्ष झालं. रोज तीस. पोरीला माहीत नाही, आणि मामा, तुम्हालाही माहीत नव्हतं. आता झालं माहीत."

दारातल्या काळ्या आकाराने हातावरचा कोट काढून काखेत घेतला. मावशीला एवढं मात्र स्पष्ट दिसलं.

"मग या काम कसं करतात?" बाईंनी विचारलं.

"किती वाजले?" दादाने उलट विचारलं.

"पावणेदोन."

"चला मग," दादा भिंत धरून उठला. "वेळेवर आलात. दाखवतो."

सगळी वरात निघाली. पुढे लेक तिपाई घेऊन, मागे मावशी घोंगडी घेऊन, मग बाई, मग एका हाताने पाठ धरलेला दादा, आणि बऱ्याच मागे काखेत कोट घेतलेले शिंपीमामा. न्हावी अर्धी दाढी टाकून बाहेर आला. भिंतीच्या पायथ्याशी उन्हाची पट्टी नुकतीच उतरली होती. मावशी तिपाईवर बसली. घोंगडी मांडीवर पसरली, एकदा नजर टाकली आणि सुईचं टोक सरळ नेऊन एका जागी टेकवलं.

"हे बघा," ती म्हणाली. "इथून सुरू होतं."

तिने धागा उचलला आणि ओढला. एक, दोन, पाच, दहा. कालचं काम बघता बघता उसवत गेलं, आणि घोंगडीत वीतभर आभाळ उघडलं. बाईंनी त्यातून आपली बोटं घातली, पलीकडून काढली, पाहिली. मग त्यांनी लेकीचा कोट हातात घेतला आणि विचारलं, "यात किती आहेत?"

"एकवीस," मावशी म्हणाली. "कॉलर सगळी माझीच आहे."

"आणि तुमच्या अंगावर?"

मावशी हसली. "माझ्या अंगावर मूळचं किती राहिलंय ते विचारा."

बाई तिथेच न्हाव्याच्या बाकावर बसल्या. मावशीच्या हाताने आपोआप ती फट पुन्हा विणायला घेतली होती. तिला अडवावंसं कोणाला वाटलं नाही. ऊन तिच्या पायांवर होतं, मग गुडघ्यांवर आलं, मग मांडीवर, आणि बराच वेळ तिथेच राहिलं. गल्ली लांब गेली. बाईंनासुद्धा थोडी गुंगी आली असावी, कारण दोनदा त्यांनी तक्ता उघडला आणि दोनदा तसाच मांडीवर राहू दिला. मग ऊन मावशीच्या खांद्यावर गेलं. मग भिंतीवर, डोक्याच्या वर. हात उंचावला तरी पोचणार नाही इतकं वर. मावशी उरलेले चार धागे हातात धरून थांबली.

"आता?" बाईंनी विचारलं.

"आता उद्या."

बाईंनी मनगटाकडे पाहिलं. तीनला चार मिनिटं होती. त्यांनी "डोळे ठणठणीत" वर रेघ मारली. फाटक्या कपड्यांच्या रकान्यात काय लिहावं ते त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी तक्त्याच्या कोऱ्या समासात लिहिलं, आणि लेकीने ते मान तिरकी करून वाचलं: उजेड, रोज एक तास अकरा मिनिटे.

त्या गेल्यावर मावशी तिपाईवरच बसून राहिली. शिंपीमामा पुढे आले. घसा खाकरला. आता हे काय बोलणार, म्हणून दादाने मान खाली घातली. मामांनी काखेतला करडा कोट काढला, झटकला आणि मावशीच्या मांडीवर ठेवला.

"बाहीला आहे," ते म्हणाले. "परवा दिलात तरी चालेल, वहिनी. ऊन असेल तसं करा."

पंधरा दिवसांनी पत्र आलं. सातवी खिडकी. आता बाकीच्या पंचाहत्तर जणांचं काय झालं, असं तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं. त्यांचं काही झालं नाही. त्यातली बरीचशी आपापल्या अंधारात नीटनेटकी बसली असतील. लेकीला पुढच्या परीक्षेत गरिबीचा तोच निबंध पुन्हा आला. उपायांच्या खाली तिने एवढंच लिहिलं की आधी त्या माणसाजवळ तासभर बसावं. मास्तरांनी त्याला शून्य दिलं, उत्तर पुस्तकात नव्हतं म्हणून. मी असतो तर मास्तरांनाच बसवलं असतं न्हाव्याच्या भिंतीशी.

गिरणीत पहिल्या दिवशी मावशी आपली तिपाई घेऊनच गेली. तिथे खुर्ची होती, ती तिने बाजूला सारली. दादा जिने थांबत थांबत चढून आला होता, सुयांची उशी घेऊन. खिडकी दोन पुरुष उंच होती. उजेड जमिनीवर पसरलेला होता, पाय सोडून, अगदी निवांत. मावशी थोडा वेळ त्याच्या कडेला उभी राहिली, जशी नेहमी उभी राहायची. मग आत पाऊल टाकलं. कोणी हटकलं नाही.

तिने काम सुरू केलं. डोळे काही परत आले नाहीत, पण जेवढे होते तेवढे पुरू लागले. एक कोट झाला. दुसरा झाला. आणि दुसऱ्याची शेवटची टोकं कापून झाल्यावर मावशी उठली, कापड काखेत घेतलं, तिपाई उचलली आणि चालू लागली.

"अगं, कुठे निघालीस?" दादाने विचारलं.

ती त्या मोठ्या खोलीच्या मधोमध थांबली. हातात तिपाई. तिने मागे वळून पाहिलं. उजेड होता तिथेच होता.

"कुठे नाही," ती म्हणाली. पण तिपाई खाली ठेवायला तिला बराच वेळ लागला.